आठवा पोपट

२८ जुलै, सोमवार

दुर्वाच्या शाळेतून फोन. बाई म्हणाल्या, हस्तकलेच्या तासाला सगळ्या वर्गाने राखी केली, दुर्वा दोन्ही हात बाकाखाली घेऊन बसून राहिली. मी ओरडले नाही हं, असं दोनदा सांगितलं. मग म्हणाल्या, "आधी ती दुसऱ्यांच्या पण करून द्यायची ना हो?"

द्यायची. सात वर्षांची आहे, पण आमच्या घरात बाटलीचं झाकण, पिस्त्याचं टरफल, जुनी लग्नपत्रिका फेकायची सोय नव्हती. झाडूच्या काड्यांचा मोर. सासूबाईंच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचं रॉकेट. ६ जूनपासून काही नाही. साधं चित्रसुद्धा नाही. मी म्हणत राहिले, होईल, तिलाही दुःख आहे. आज बावन्न दिवस झाले.

माझं तरी काय वेगळं. माझ्या शनिवारच्या हस्तकला वर्गाच्या सामानाचं कपाट त्या दिवसापासून बंद आहे. चावी तांदळाच्या डब्यात तळाशी. मीच टाकली.

श्रावणी सोमवार. सासूबाईंबरोबर उपास केला. दिवा लावला. दिवा रोज लावते, देवाशी बोलत नाही.

३० जुलै

एकदा लिहून ठेवते. घरात कोणी बोलत नाही, निदान वहीत असू दे.

२९ मे रोजी मुलगा झाला. नवव्या दिवशी गेला. हृदयात जन्मापासून दोष होता. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, मला समजलं. समजून काही उपयोग झाला नाही, पण समजलं. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं. त्यामुळे नाव नाही. दवाखान्याच्या कागदावर 'बेबी ऑफ सोनाली'. इतकंच.

दात न आलेलं बाळ, म्हणून सुतक तीनच दिवसांचं. श्राद्ध नाही, वर्ष नाही, काही नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या एक बाई मला सांगून गेल्या की आता सगळं करायला मोकळी आहेस. मोकळी. हा शब्द डोक्यातून जात नाही.

दुर्वाला मी सांगितलं, बाळाला देवाने नेलं. सगळे सांगतात तसंच. पुढे काय सांगायचं ते सुचलं नव्हतं.

३१ जुलै

संध्याकाळी भाजी निवडत होते. दारात पाच-सहा डोकी. पुढे श्रावणी, मागे आयुष, बाकीचे जिन्यात. श्रावणी चौथीत आहे, पुढारीण.

"टीचर, वर्ग कधी सुरू होणार? माझी मम्मी बोलली विकतची राखी आणू. मी बोलली, टीचरला कळलं तर?"

दर शनिवारी पाच वाजता मंडळाच्या खोलीत माझा वर्ग असायचा. तीन वर्षं. विकतचे संच आणायचे नाहीत, घरात आहे त्यातूनच करायचं. आणि कोणी कोणाचा हात धरून करून द्यायचं नाही. हा माझा नियम, भिंतीवर लावलेला: वाकडं झालं तरी ज्याचं त्याचं. मी लहानपणी शाळेत मोठ्या बाईंनी गिरवून दिलेली चित्रं घरी आणायचे, वडील हमाल, ते बरोबरच्या सगळ्या हमालांना दाखवायचे की माझ्या पोरीने काढलं. ते माझं नसायचं. ते कधी विसरले नाही. बी.ए. झाले तेव्हा वाटलं, हे पहिलं स्वतःच्या हातचं.

आयुष मागून म्हणाला, "टीचर दुःखात आहे ना रे." श्रावणी त्याला म्हणाली, "म्हणून तर बोलवायला आलो, येड्या."

त्यांना म्हटलं, शनिवारी या.

तांदळाचा डबा उपसला. चावी सापडली.

२ ऑगस्ट, शनिवार

चौदा मुलं आली. चौदा. कपाट उघडल्यावर कुबट वास आला, दोन डिंकाच्या बाटल्या दगड झालेल्या. आयुषने चिकूच्या बिया आणल्या होत्या, त्यांची राखी केली. दिसते झुरळासारखी, पण त्याला ती जगात सर्वात भारी वाटते. मी काही बोलले नाही. नियम.

दीड तास मी बाळाचा विचार केला नाही. नंतर लक्षात आलं. आधी अपराधी वाटलं, मग वाटलं, नाही, हे चांगलं आहे. पायात जोर आल्यासारखं वाटतंय. हे लिहून ठेवते.

दुर्वा उंबऱ्यावर बसून होती. आत ये म्हटलं नाही. मुलं बटणांचा डबा सांडून गेली तेव्हा ती वाकली, लाल एकीकडे, निळी एकीकडे लावायला लागली. सात-आठ लावली असतील. मग एकदम हात मागे घेतले, भाजल्यासारखे. आणि घरी पळाली.

म्हणजे हात शिवशिवतात तिचे. तीच अडवते आहे. कशाला?

४ ऑगस्ट, सोमवार

आई आली कल्याणहून, बेलपत्रं आणि शेवंती घेऊन. फुलमार्केटात पहाटेपासून बसून हार करते, तरी लेकीकडे यायचं म्हणजे वेगळा गजरा ओवून आणणार. सही करायलाही अजून अंगठाच लावते, पण सुई न घेता नुसत्या दोऱ्याच्या गाठीने असा गजरा बांधते की एक कळी हलत नाही. मला शिकवायचा प्रयत्न केला होता. माझ्या हातात कळ्या मोडायच्या. "तू आपली पुस्तकं वाच," म्हणायची.

तिला म्हटलं, मी देवाशी बोलत नाही. वाटलं होतं कानावर हात ठेवेल. तिने दोरा दाताने तोडला.

"रागावली आहेस का त्याच्यावर?"

"हो."

"मग तसं सांग की त्याला. अबोला काय धरतेस. अबोला परक्याशी धरतात."

दिवा लावताना ओठ उघडले होते. शब्द आले नाहीत.

६ ऑगस्ट

सकाळपासून लिहायचं टाळतेय.

दोरा शोधायला पलंगाखालची पेटी ओढली. आत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, मीच जूनमध्ये लपवलेला. उघडला तेव्हा दुर्वा शाळेचे मोजे घालत होती. पोपट. पाळण्यावर टांगतात त्या कापडी पक्ष्यांच्या झुंबराचे, चिमणाळ्याचे. बाळासाठी ती करत होती. मी तिला माझी पदवीदानाला नेसलेली हिरवी साडी कापायला दिली होती, खांद्यावर विरलीच होती. पाच पोपट पुरे झालेले, कापूस भरून, लाल दोऱ्याची चोच. तीन नुसते कापलेले, न शिवलेले.

दुर्वाने डबा पाहिला आणि एका पायात मोजा तशीच पलंगाखाली गेली. बाहेर येईना. शाळा बुडाली. मी पण खाली तिच्याशेजारी फरशीवर आडवी झाले. खूप वेळ. मग ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली,

"मम्मा, तीन राहिले म्हणून बाळ रुसलं ना?"

मला कळेना. कोण म्हणालं?

"आजी बोललेली. बारशाच्या आत आठ कर, नायतर बाळ रुसेल तुझ्यावर. मी कार्टून बघत बसले."

दोन महिने. सात वर्षांचं पोर दोन महिने हे घेऊन शाळेत जातंय, जेवतंय, झोपतंय. आणि मी तिला 'दुःख आहे तिलाही' म्हणून...

नाही, नाही, नाही म्हटलं. किती वेळा ते आठवत नाही. डॉक्टरांनी मला काढून दिलं होतं तसं हृदयाचं चित्र फरशीवर बोटाने काढलं. तिने नीट पाहिलं. मग विचारलं,

"पण तू बोललीस देवाने नेलं. देवाला कोणी सांगितलं की बाळ रुसलंय?"

म्हणजे फक्त सासूबाईंचं वाक्य नाही. माझंही आहे. दोन्ही जोडून तिने स्वतःची शिक्षा तयार केली. ज्या हातांनी तीन केले नाहीत त्या हातांनी आता काहीच करायचं नाही.

७ ऑगस्ट

नवऱ्याला सांगितलं, महेशला. तो वर्तकनगरला सोसायट्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर कुठल्या ना कुठल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढतो. ऐकून चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "आईला सांगू नको. मोडेल ती."

मी म्हटलं, दुर्वा मोडलीय त्याचं काय.

भांडण नाही झालं. पण मी सांगितलं. दुपारी, सासूबाई तांदूळ निवडत होत्या तेव्हा. रागाने सांगणार होते, वाक्यं ठरवून ठेवली होती. "आई, तुम्ही थट्टेत बोललात" इथपर्यंतच आले आणि त्यांचा चेहरा पाहून पुढचं हळूच सांगितलं.

सूप बाजूला ठेवलं. शेजारी वंदनाताई कांबळेंकडे जाऊन बसल्या, संध्याकाळपर्यंत. रात्री जेवल्या नाहीत.

बरं केलं की वाईट केलं कळत नाही. पण लपवून ठेवायचं नाही हे पक्कं. लपवलेल्या डब्यातूनच हे सगळं निघालं.

८ ऑगस्ट

दुर्वा शाळेत गेली. बोलते थोडं. पण मी 'तुझी चूक नव्हती' म्हटलं की मान हलवते, आपण मोठ्यांसमोर हलवतो तशी. पटलेलं नाही. माझं 'नाही' पुरत नाही तिला. मी आई आहे, मी तर असंच म्हणणार. बाळाला ज्याने नेलं त्याच्याकडून तिला ऐकायचं आहे.

ते मी कुठून आणू.

सासूबाईंनी महेशला नारळ आणायला सांगितला. उद्या नारळी पौर्णिमा, त्यात काय विशेष, वाटलं.

९ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस मला पूर्ण लिहायचा आहे. एक शब्द सोडायचा नाही.

सकाळी सासूबाई न्हाऊन नऊवारी नेसून देवासमोर. नारळ, पान, सुपारी मांडलेली. आम्हाला तिघांना हाक मारली, म्हणाल्या, गाऱ्हाणं घालायचं आहे.

त्यांच्या गावाकडे, कोकणात, गणपतीत, जत्रेत, काही अडलं-नडलं की घरातला कर्ता पुरुष देवासमोर उभा राहून मोठ्याने मागणं मांडतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार देतात. सासरे होते तोवर ते घालायचे. ते गेल्यापासून आमच्या घरात कोणी घातलंच नाही. बाईमाणूस घालत नाही, हे मला लग्न झाल्यावर त्यांनीच सांगितलं होतं.

महेश म्हणाला, "आई, तू?"

"मगे कोन घालतलो? तुका येता?"

त्याला येत नाही.

श्रावणी, आयुष आणि दोघं-तिघं दारात, वर्ग आज सकाळी आहे की संध्याकाळी हे विचारायला आलेली. सासूबाईंनी त्यांनाही आत घेतलं. म्हणाल्या, मी थांबले की सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आयुषने लगेच म्हणून टाकलं. श्रावणीने कोपर मारलं. मागून वंदनाताई आल्या, दाराला टेकून उभ्या.

सासूबाईंचा आवाज. मी आठ वर्षं त्यांच्याबरोबर राहते, हा आवाज कधी ऐकला नव्हता. पोटातून.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या बायापोरांनी तुका हाक मारली हा."

व्हय म्हाराजा.

"ह्या घरातला लेकरू नव दिवसात तुज्याकडे इला. कित्या नेलंस ता तुका ठावक, आमका नाय."

व्हय म्हाराजा.

"पन ह्या पोरीच्या हातान काय एक चुकला नाय. पोपट रवले म्हनान कोन रुसाक नाय, कोन जावक नाय. तू साक्षी हस."

व्हय म्हाराजा. महेशचा आवाज फुटला इथे.

"बोल चुकलो तो माज्या तोंडाचो. त्येचो भार माज्यावर घाल. पोरीचे हात मोकळे कर म्हाराजा."

सगळ्यांनी म्हटलं. मी पण. दोन महिन्यांत देवाला उद्देशून तोंडातून निघालेले माझे पहिले शब्द तेच, व्हय म्हाराजा. आणि सगळे थांबल्यावर, अर्ध्या क्षणाने, एक बारीक, उशिरा आलेला आवाज. दुर्वाचा.

नारळ महेशने वाढवला. सासूबाई पाटावर बसल्या आणि दुर्वाला म्हणाल्या, "आता माजो कान धर. चुकलंय मी."

दुर्वाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने दोन बोटांत आजीचा कान धरला, तिच्या वर्गातल्या बाई धरत असतील तसा, आणि म्हणाली, "परत असं बोलायचं नाही." सासूबाई म्हणाल्या, नाय बोलूचंय. दुर्वाने जरा पिळला. मग दोघी एकदम हसल्या. मी हसत होते आणि रडत होते. वंदनाताई पदर तोंडाला लावून. आयुष म्हणाला, व्हय म्हाराजा.

'मोकळी' हा शब्द जूनपासून टोचत होता. आज सासूबाईंनी तोच देवाकडे मागितला. त्यांच्या तोंडी टोचला नाही.

संध्याकाळी वर्ग झाला. दुर्वा उंबऱ्याच्या आत बसली. काही केलं नाही. पण आत.

१० ऑगस्ट, रविवार

दुपारी तीनला, मी कपडे वाळत घालत असताना, मागून: "मम्मा, डबा दे."

डबा दिला. जाड सुई दिली, टोक बोथट केलेली. दोरा ओवून देऊ का विचारलं. "हात नाही धरायचा," म्हणाली. माझाच नियम माझ्यावर.

दोरा ओवायला बावीस मिनिटं. मी घड्याळ बघत होते, ती बघत नव्हती. सहावा पोपट साडेपाचला झाला. कापूस इतका भरला की शिवण उसवते आहे. चोच शेपटीच्या बाजूला लागली आहे. आधीचे पाच देखणे होते.

महेशने विचारलं, "हा मागे बघून उडतो का?"

"हो," म्हणाली, "ह्याला मागचं बघायचं आहे."

१४ ऑगस्ट

सातवा. चोच जागेवर.

वंदनाताईंच्या रोशनीला मुलगी झाली. ती पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली आहे. शेजारच्याच खोलीत, मधे फक्त भिंत. आज आणलं घरी. रडण्याचा आवाज आला. छातीत दुखलं, खरंच, आतून. कढईतलं करपलं.

मी गेले नाही. महेशला म्हटलं, बाळ गेलेल्या बाईने नव्या बाळाकडे जाऊ नये म्हणतात. तो म्हणाला, "कोण म्हणतं?" नाव सांगता आलं नाही. सगळेच म्हणतात.

मी पदवी घेतलेली, मुलांना विज्ञानाच्या गोष्टी सांगणारी. माझी मला लाज वाटली. तरीही नाही गेले.

१५ ऑगस्ट

वंदनाताई आल्या. हातात जिलेबीची पुडी. खाली बसल्याही नाहीत.

"सोनाली, तू का नाही आलीस मला माहितीये. आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. आणि मानत असते तर घरात लेक पोटुशी असताना मी गाऱ्हाण्याच्या दिवशी तुमच्या दारात उभी राहिले असते का? रोशनी सकाळपासून विचारतेय. येतेस की बाळ इथे आणू?"

गेले. हात धुतले, दोनदा. रोशनीने काही न बोलता मांडीवर दिलं. तीन किलोला थोडं कमी. मूठ उघडून माझं बोट धरलं. मला वाटलं होतं कोसळेन. नाही कोसळले. त्या बोटातून काहीतरी सरळ वर चढलं, खांद्यापर्यंत. मला ते नीट लिहिता येत नाही. मी उभी राहू शकते असं वाटलं. कितीही वेळ.

घरी येऊन देवासमोर गेले. "आले बाळ बघून," एवढंच म्हटलं. आईचं बरोबर होतं, अबोला परक्याशी.

१६ ऑगस्ट, शनिवार

वर्गात मी काय शिकवणार होते ते वहीत आहे: कागदी होडी. झालं भलतंच.

दुर्वाने सातवा पोपट सोबत आणला होता. श्रावणीने विचारलं हे कसं करायचं. दुर्वा मधे जाऊन बसली. माझी खुर्ची ओढून. कापड कसं दुमडायचं, कापूस कुठून भरायचा, सगळं. एका मुलाला जमेना म्हणून श्रावणी त्याचा हात धरायला गेली तर दुर्वा म्हणाली, "हात नाही धरायचा, आमच्या टीचरला आवडत नाही." आमच्या टीचरला. मी दारात उभी.

तिनेच ठरवलं की हे सगळे रोशनीताईच्या बाळाच्या चिमणाळ्यासाठी. चौदा पक्षी व्हायचे होते. झाले: सहा पोपट, तीन कावळे (काळं कापड स्वस्तात खूप होतं), एक बदक, एक कोंबडी जिला डोकं लहान पडलं, दोन असे की करणाऱ्यालाही ओळखता येत नाहीत. आणि आयुषचं विमान. पक्षी कर म्हटल्यावर म्हणाला, हे पण उडतं.

आजचा दिवस माझ्या वर्गाचा सर्वात चांगला दिवस. मी काहीच केलं नाही.

२१ ऑगस्ट

आठवा पुढ्यात घेऊन बसते, परत ठेवते. चार दिवस झाले. शिवण अर्धी. मी विचारत नाही. सासूबाई मात्र येता-जाता बघतात आणि ओठ घट्ट मिटून घेतात. कान अजून आठवतो त्यांना.

मनात आलं होतं, तिचे आठही रोशनीच्या बाळाला द्यावेत, किती छान होईल. तिला सुचवणार होते. बरं झालं तोंड उघडलं नाही. आज ती स्वतःच म्हणाली, "हे आपल्या बाळाचंच आहे हां. ते कोणाला नाही द्यायचं. त्या बाळाला वेगळं केलंय ना आम्ही."

किती सरळ. माझ्या डोक्यात एकाच्या जागी दुसरं बसवायची घाई. तिच्या डोक्यात दोघांना दोन.

२४ ऑगस्ट, रविवार

रोशनीच्या मुलीचं नामकरण. वंदनाताईंच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या, खीर. पाळण्यावर आमच्या वर्गाचं चिमणाळं. विमान मधोमध लागलं, कारण ते सर्वात जड, नाहीतर सगळं कलतं. आयुष येणाऱ्या प्रत्येकाला पाळण्यापाशी नेऊन दाखवत होता.

रोशनीच्या सासरच्या एक बाई म्हणाल्या, "हे काय, दुकानातलं नाही मिळालं का?" वंदनाताई म्हणाल्या, "मिळतं की. पण त्यात कावळे नसतात."

नाव ठेवलं आर्या. पाळणा हलवायला मला पुढे बोलावलं. गेले. सगळ्यांसमोर. दोरी हातात घेतली तेव्हा कोणीतरी कुजबुजलं असेल, मला ऐकू आलं नाही. झोका दिला. कावळे, पोपट, बदक, सगळे एकदम फिरले.

दुर्वा मला चिकटून उभी होती. बाळाच्या कानात नाव सांगत होते तेव्हा ती फार लक्षपूर्वक बघत होती. घरी येताना विचारलं, "नाव कानात सांगितलं की ते त्याचं होतं?"

हो म्हटलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळी आठवा पोपट झाला.

डोळा नाही लावला. नंतर लावीन म्हणाली. बरं म्हटलं. शाळेतल्या बाईंनी तिच्या न केलेल्या राखीचं सामान दप्तरात घालून पाठवलं होतं, एक महिना तसंच पडून होतं. सात पोपट लाल दोऱ्याने टांगले, आठवा राखीच्या दोऱ्याने. कुठे टांगायचं ते तिने आधीच ठरवलं होतं. खिडकीत, देव्हाऱ्याच्या वर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. महेशने लिफ्टचे स्क्रू लावतो तितक्या काळजीने हुक ठोकला.

मग म्हणाली, मला वर उचला. महेशने खांद्यावर घेतलं. तिने आठवा पोपट तळहातात धरला, दुसऱ्या हाताचा आडोसा केला, आणि त्याच्या कानात (पोपटाला कान कुठे असतो, पण तिला माहीत होतं) काहीतरी सांगितलं. अगदी हळू. बारशाला आत्या सांगते तसं.

मग सासूबाई पुढे झाल्या आणि तिच्या पाठीत हलकेच बुक्क्या मारल्या, एक, दोन, तीन, बारशात बायका आत्याला मारतात तशा, आणि म्हणाल्या, "कुर्रर्र." दुर्वा खिदळली. महेशच्या खांद्यावरून पडता पडता वाचली.

बारसं झालं. सत्त्याहत्तर दिवस उशिरा. पण झालं, आमच्या घरात, दिवेलागणीला, सगळ्यांच्या देखत.

मी विचारलं, काय नाव ठेवलंस?

"त्याला सांगितलं ना."

मला नाही सांगणार?

तिने जरा विचार केला. "नको. आता नको. मोठी झाल्यावर बघू."

सासूबाईंनी विचारलं नाही. महेशने विचारलं नाही. मलाही परत विचारायचं नाही. नऊ महिने पोटात, नऊ दिवस मांडीवर, आणि माझ्या मुलाचं नाव मला माहीत नाही. सांगेल की नाही तेही माहीत नाही. लिहिताना वाटलं होतं याचं दुःख होईल. होत नाही. घर भरल्यासारखं वाटतंय.

आता सगळे जेवायला बसलेत, दुर्वा बाहेरून ओरडतेय की भात निवला. खिडकीतून वारा येतो आहे, आठही हलतात. सहावा मागे बघतो.

दिवा लावताना आज नीट बोलले देवाशी. काही मागितलं नाही, का नेलंस तेही विचारलं नाही. म्हटलं, नाव तुला ऐकू गेलं असेल. त्याच नावाने हाक मार त्याला.